साय

रेवती धोटेने माइक हातात घेतला तेव्हा तिच्या अंगावर चष्मा आणि मंगळसूत्र सोडून काही नव्हतं. समोर बसलेल्या बायांपैकी एकीनेही तोंडाला पदर लावला नाही. लावायला पदर होता कुणाकडे? निम्म्याअधिक जणी तिच्यासारख्याच उघड्या बसल्या होत्या, अंगावर साय चढवून. उरलेल्या साडीतल्या नि ड्रेसमधल्या बाया आज साय लावून घ्यायची की नाही हे ठरवायला आल्या होत्या, आणि घामाने चिंब झाल्या होत्या.

"पहिले भीतीचं बोलू," रेवती म्हणाली, "मग लाजेचं. लाजेला वेळ जास्त लागतो."

बाया हसल्या. हे वाक्य ती दर सभेत म्हणायची आणि बाया दर सभेत हसायच्या. पहिल्या सभेत ती ते अर्ध्यावरच विसरली होती. आता तसं होत नसे. बसथांब्यावर उभं राहावं तशी ती व्यासपीठावर उभी राहायची.

साय म्हणजे काय, हे ती सोपं करून सांगे. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकते. तवा टाकतो, भिंत टाकते, माणूसही टाकतो. त्यातले बरेच किरण हवा मधेच अडवते. पण आठ ते तेरा मायक्रॉन तरंगलांबीचे किरण ती अडवत नाही, ते थेट आभाळापार निघून जातात. वातावरणाला असलेली ती एक खिडकीच. नेमके तेच किरण भरभरून बाहेर टाकणारा आणि वरचं ऊन परतवून लावणारा एक सच्छिद्र लेप शास्त्रज्ञांनी तयार केला. अंगावर फवारला की दुधावर धरावी तशी त्याची पांढुरकी साय कातडीवर धरायची, म्हणून लोकांनी नावही तेच ठेवलं. डोळे, ओठ आणि केसांखालची टाळू सोडली तर ती अंगभर बसे. विदर्भाच्या वैशाखात, अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हात, उघड्या आभाळाखाली साय लावलेला माणूस झाडाखाली बसल्यासारखा राही. वीज नको, कूलर नको. उन्हाळा लागताच चढवली की पावसाळ्यापर्यंत टिके.

अट एकच. वर कापड नको. सायीने घाम जवळपास बंद होतो, म्हणजे अंगातली उष्णता जाणार ती त्या खिडकीतूनच. खिडकीवर कापड टाकलं की झालं.

"सायीवर साडी म्हणजे शिटी अडकलेला कुकर," रेवती म्हणाली. "पाव तास, फार तर. त्याच्यावर नाही."

"मग सायीचीच साडी काहून नाही बनवत?" मागून एकीने विचारलं.

"बनवून पाहिली. कापड अंगापासून सुटं राहतं, मधे हवा राहते. अंगाची उष्णता तिथवर पोचतच नाही. कातडीलाच चिकटलेली पाहिजे."

"अन् सासऱ्यासमोर?"

"सासऱ्यालाही लावा." पुन्हा हशा.

मग पुढच्या रांगेतल्या एका तरुण बाईने हळूच विचारलं, "मॅडम, साय लावली की कुणी हात लावलेला समजत नाही म्हणतात. खरं हाय का?"

"थोडं बोथट होतं," रेवती म्हणाली. "सवय होते."

हे सगळं एका दिवसात झालं असं कुणी समजू नये. धामणपेठ हे कोळशाच्या पट्ट्यातलं गाव, इथे नवरा बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायला बिचकतो. सरकारच्या उष्णता विभागाने 'मोकळं अंग, थंड अंग' ही मोहीम काढली तेव्हा रेवतीच्या गाडीवर शेण पडलं होतं. तिच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहून गेलं होतं, 'उघड्याकडे नागडं गेलं अन् रात्रभर थंडीनं मेलं.' रेवतीने ती म्हण पुसली नाही. उलट सभेत वाचून दाखवली आणि म्हणाली, इथे थंडीने मरायची सोय असती तर मी घोंगड्या वाटत फिरले असते. त्या उन्हाळ्यात गावात माणसं मेली, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याहून जास्त मेली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात लोक मुकाट रांगेत उभे राहिले. पटलं म्हणून आले की भ्याले म्हणून आले, हे विचारायच्या भानगडीत विभाग पडला नाही. बँकेत, बाजारात, नगरपरिषदेत माणसं जशी आईच्या पोटातून आली तशी हिंडू लागली. कुणी वळून पाहीनासं झालं.

एकच माणूस उघड नाराज होता, आणि तो कोण तर वझलवार वकील. नदीकाठच्या आपल्या शेतावर हा गृहस्थ चाळीस वर्षांपासून, साय-बिय काही नसताना, चार समविचारी मंडळींसोबत विवस्त्र राहत आला होता. गावाने त्याला वेडा ठरवलं होतं. आता विभागाने त्याचा सत्कार ठेवला. शाल द्यायची पंचाईत, म्हणून नुसता नारळ दिला. म्हातारा रेवतीकडे बघत म्हणाला, "बाई, अंगाला वारा लागावा म्हणून आम्ही कपडे टाकले. तुम्ही लोकांना वारा न लागणारं पातळ नेसवलं. हे काही उघडं होणं नाही."

रेवतीने हसून नमस्कार केला. घरी आल्यावर तिला ते आठवलं, कारण गच्चीवर बसली असताना नवरा म्हणाला, "काय विचार करतेस? केव्हाचा हात ठेवलाय मी तुझ्या पाठीवर." तिने मागे वळून पाहिलं. होता खरा हात. नितेश चांगला माणूस, त्याने तो आपणहून काढून घेतला आणि मोबाइल उचलला. रेवतीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

खरं सांगायचं तर हे बोथटपण सायीच्या आधीचं होतं. आई गेली तेव्हापासूनचं.

आई गेली ती वैशाखातच, स्वतःच्या स्वयंपाकघरात. वीज गेलेली. इन्व्हर्टरवर घरातला एकच पंखा चालायचा आणि तो ओसरीत होता. ओसरीत अण्णा आणि गावंडे मास्तर शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या संमेलनाबद्दल बोलत बसले होते. अण्णा काळमेघ, रेवतीचे वडील, म्हणजे गावातले निवृत्त हेडमास्तर, उन्हाळा असो की हिवाळा, धोतर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी. आईने दाराआडून विचारलं, "गेले का पाहुणे?" अण्णा म्हणाले, "बसलेत अजून." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. अण्णांनी तेच उत्तर दिलं. पाहुणे उठल्यावर अण्णा आत गेले, तेव्हा ती चुलीच्या ओट्याला टेकून बसलेली होती, डोक्यावरचा पदर तसाच. हे अण्णांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकदा सांगितलं, पुन्हा कधी काढलं नाही. रेवती रडली नाही. तेराव्यानंतर तिने उष्णता विभागात जाऊन नाव दिलं.

साय लावल्यापासून बापलेकीची गाठ पडली नव्हती. उन्हाळाभर तिला कपडा चालत नाही, अण्णांना उघडी लेक चालत नाही. पावसाळ्यात साय उतरून ती साडीत आली तरी त्यांनी दार उघडलं नव्हतं. ती मागच्या दाराशी यायची, दार लोटलेलं असायचं, अण्णा आतून बोलायचे. औषध घेतलं का, घेतलं. कूलर चालतो का, चालतो. स्वतः सायीला हात लावायला तयार नाहीत. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की यंदाचं ऊन या हृदयाला झेपायचं नाही. अख्ख्या गावाचे कपडे उतरवलेल्या बाईला आपल्या बापाची टोपी उतरवता येईना.

अक्षय तृतीया जवळ आली तसे गावंडे मास्तर रेवतीच्या ऑफिसात आले. आता गंमत बघा, ज्यांच्यासाठी आईने पदर सोडला नाही ते हे गावंडे मास्तर मोहिमेचे पहिले पुरुष स्वयंसेवक होते. पोट पुढे, अंगावर साय, हातात काठी, बाकी सगळं देवाच्या भरवशावर. अण्णांनी तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पण निरोप द्यायला दुसरं होतं कोण?

"सरांनी सांगतलंय," मास्तर खुर्ची ओढत म्हणाले. "अक्षय तृतीयेला तुझ्या आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची हाय. गल्लीत सगळ्यांना विचारून राहिले. कोणी यायले तयार नाही."

"का?"

"काहून म्हणजे? सवाष्णीला साडी द्यायची, ती नेसून तिनं पानावर बसायचं. साडी नेसणारी बाई ठेवली का तू गल्लीत?"

मास्तरांना हसू फुटलं होतं, पण रेवतीच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. धामणपेठेत रीत अशी होती की अहेव, म्हणजे नवऱ्याआधी, गेलेल्या बाईच्या नावाने जेवणारी सवाष्ण म्हणजे त्या दिवसापुरती तीच बाई. तिला पानावरून भुकेलं उठू द्यायचं नाही, आणि ती सवाष्ण मिळाली नाही तर गेलेली उपाशी राहिली.

"तुलेच बोलावलंय," मास्तर म्हणाले. "लेक दुसऱ्या घरची झाली, चालते म्हणाले. साडी मागच्या दाराले टांगून ठेवतील."

त्याच दुपारी रेवती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मी येईन," ती दाराला म्हणाली. "नेसेन पण. मग तुम्ही साय लावून घ्यायची. दुसऱ्या दिवशी गाडी पाठवते."

आत कडी हलली, पण दार उघडलं नाही.

"आधी तिचं जेवण होऊ दे," अण्णा म्हणाले. "मग बघू."

'बघू' म्हणजे अण्णांच्या भाषेत 'हो' होतं. शाळेत त्यांनी कुणाला याहून जास्त कबुली दिली नव्हती. रेवतीने हिशेब केला तो एवढाच की पाव तासात जेवण उरकता येतं. वाढलेलं पान, चार घास, विडा, उठायचं. बदल्यात बाप वाचतो. तिला सौदा बरा वाटला.

अक्षय तृतीयेला ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. दाराला हिरवी सुती साडी होती, घडी न मोडलेली, आणि तिच्या मापाचा झंपर. न्हाणीघरात तिने ती नेसली. कापड अंगाला लागतंय हे तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं. पदर डोक्यावर घेतला तेव्हा मात्र टाळूला सुताचा खरखरीतपणा लागला, आणि ती क्षणभर तशीच थांबली. मग आत गेली.

अण्णांनी तिला पाहिलं. दोन वर्षांनी पाहिलं. वाळले होते फार. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटी झाली होती.

"बसा," ते म्हणाले. सवाष्णीला अहोजाहो करतात.

स्वयंपाकघरातच पाट मांडला होता, ओट्याशी. शेजारी पितरांची मातीची घागर, तिच्यावर आंबा. पानात पुरणपोळी, वडे, कुरडया, आंब्याचा रस. अण्णांनी स्वतः रांधलं होतं. पोळी एका बाजूने करपली होती.

"सुरू करू?" रेवतीने विचारलं.

"थांबा. घास ठेवलाय वर. कावळा शिवला की मग."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. लहानपणापासून पाहिलेली रीत, आणि ती विसरली होती! परसातल्या भिंतीवर पळसाच्या पानावर घास ठेवायचा, कावळ्याने तो उचलला की गेलेल्याचं पोट भरलं, मग सवाष्णीने पहिला घास घ्यायचा. कावळा आला नाही तर मेलेल्याची काही इच्छा राहिली समजायची. धामणपेठेत कावळे उरले होते कुठे? उन्हाने पाखरं केव्हाच जंगलाकडे गेली होती.

अण्णा मागच्या दारात उभे राहून भिंतीकडे बघत राहिले. "काव काव," ते हलक्या आवाजात म्हणाले. हेडमास्तरांच्या तोंडून तो आवाज विचित्र वाटला. पलीकडे गल्लीत कडुनिंबाखाली गावंडे मास्तर बसले होते. आत यायची परवानगी नाही म्हणून तिथेच बसले होते, पण गेले नव्हते.

पाव तास झाला असेल. रेवतीने उठायला हवं होतं. पण पान वाढलेलं, आई उपाशी, आणि अण्णा दारात पाठमोरे. गरम होतंय असंही तिला वाटत नव्हतं. साय कातडीला काही कळूच देत नाही, ना हात, ना ऊन. सभांमधून ती बायांना लक्षणं पाठ करून घ्यायची, बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बोलतो. आता ती रसाच्या वाटीकडे बघत होती आणि वाटी लहान होत चालली होती. कानांत पंख्यासारखा आवाज होता. इथे तर पंखा नव्हता, पंखा ओसरीत होता. ओसरीत कुणीतरी बसलेलं होतं.

"काही इच्छा राहिली असेल तर सांग," अण्णा भिंतीवरच्या घासाला म्हणत होते. असं विचारायची रीत असते. "पुरी करीन. काय राहिलं ते सांग."

"गेले का पाहुणे?" रेवती म्हणाली.

तिने मुद्दाम म्हटलं की तापलेल्या डोक्याने म्हटलं, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. तिने ऐकलं मात्र. आवाज आईचाच होता.

अण्णा वळले. लेक ओट्याला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "कोणी नाही गं. कोणी बसलेलं नाही. काढ. काढ ते सगळं."

तिचे हात उठेनात. मग त्या माणसाने, ज्याने आयुष्यात बायकोला दिवसाउजेडी नजर भरून पाहिलं नव्हतं, लेकीचा पदर ओढला, निऱ्या सोडल्या, झंपराची बटणं काढली. आणि खिडकीकडे तोंड करून तो ओरडला, "गावंडे! आत ये. जसा असशील तसा ये!"

दोघा म्हाताऱ्यांनी तिला उचलून अंगणात आणलं आणि फरशीवर निजवलं. अण्णा आत धावले, पितरांची घागर घेऊन आले आणि सगळी तिच्या डोक्यावर ओतली. मग त्यांनी हिरवी साडी आणली आणि दोन्ही हातांनी तिच्यावर छत धरलं. सावलीसाठी धरलं की झाकण्यासाठी, कोण जाणे.

"सर, काय करून राहिले?" मास्तर म्हणाले. "सायीले आभाळ पाहिजे. आभाळ झाकून राहिले तुम्ही."

अण्णा उभे राहिले. साडी हातात, वर पांढरं जळतं आभाळ, खाली उघडी लेक, शेजारी उघडे गावंडे मास्तर. गल्लीतून दोन बाया डोकावल्या. अण्णांनी हळूहळू साडी खाली घेतली, घडी केली आणि बाजूला ठेवली. मग लेकीच्या उशाशी फरशीवर बसले, तिच्याकडे तोंड करून.

रेवतीला शुद्ध येत गेली तसं आधी आभाळ दिसलं. मग अण्णांचा हात दिसला, तिच्या दंडावर, दंड चोळत होता. चोळलेलं तिला काही कळत नव्हतं. ती त्या हाताकडे बघत राहिली. सवयच होती, हात दिसायचे, लागायचे नाहीत.

"शुद्धीवर आली," मास्तर म्हणाले. "आता तुम्ही आत व्हा सर. तुमच्या अंगावर साय नाही. ऊन लागून पडाल."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली. सदरा काढून बोळा केला आणि फरशीवर टाकला. बापाची छाती रेवतीने पहिल्यांदा पाहिली. पांढरे केस आणि बरगड्या, दुसरं काही नव्हतं त्यात लपवण्यासारखं. मग त्यांनी दंडावरचा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, ओल्या केसांत, जिथे साय नसते.

तो लागला. खरबरीत, कोमट. बोटं टाळूवरून फिरली तशी रेवतीच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि ती मोठ्याने रडली, आई गेल्यावर रडायला हवं होतं तशी. गल्लीतल्या बाया आत आल्या आणि भोवती उभ्या राहिल्या. कुणी कुणाला झाकलं नाही.

"अण्णा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "भाजतंय ना तुम्हाला?"

"भाजतंय," अण्णा म्हणाले. "उद्या तुझी ती गाडी पाठव. आज राहू दे."

भिंतीवरचा घास तसाच होता. ते डोक्यावरून हात फिरवत राहिले.